चुकलेले बार

डोंगरापलीकडच्या रानात अजून ठासणीच्या बंदुका होत्या, त्या काळची ही गोष्ट. गोमाजी शिकाऱ्याची बंदूक मोठ्या तोऱ्यातली. पण गोमाजीचं वय झालं, हात थरथरायला लागला आणि एकामागून एक बार चुकू लागले. तेव्हा नळी टेकवायला बंदूक आधार शोधू लागली.

कातळ म्हणाला, "माझ्यावर टेक. मी जन्मात कधी हललो नाही." ती टेकली. पण बार उडताच कातळावरून नळी अशी उसळली, की गोळी रानडुकराच्या डोक्यावरून गेली.

मग गोमाजीनं कुड्याच्या झाडाचं दोन फाट्यांचं एक बेचकं तोडलं, त्याला जुना पटका गुंडाळला आणि ते जमिनीत रोवलं. नळी त्यात अलगद बसली. समोर डुक्कर कंद उकरत होतं. गोमाजीनं डोळा लावला, नीट पाहिलं आणि चापावरचं बोट काढून घेतलं. डुकराच्या मागे, करवंदीच्या जाळीआड, शेजारची भागूबाई वाकून सरपण गोळा करत होती.

डुक्कर निघून गेलं. बंदूक फणफणली, "तुझा आधार घेतला, तो काय गप्प बसायला?"

"मी फक्त तुझी थरथर थांबवली, बाई," बेचकं म्हणालं. "म्हणून गोमाजीला पलीकडचं दिसलं. इतके दिवस तुझे बार चुकत होते ना, ते गेले कुठे?"

डुकराला लागले नाहीत, एवढंच बंदुकीला ठाऊक होतं.