साहेब म्हणाले, "पुढे!"

गटशिक्षणाधिकारी घोटवडेकर साहेब पंचक्रोशीतल्या शिक्षकांना संगणक किती येतो ते तपासायला वडनेरच्या शाळेत आले आणि आधी व्याख्यानच द्यायला बसले. विषय, 'तंत्रस्नेही शिक्षक, तंत्रस्नेही नेतृत्व'. साहेब खुर्चीत रेलून बोलत. एक मुद्दा संपला की "पुढे!" म्हणत, आणि लॅपटॉपपाशी बसलेले त्यांचे सहायक तिकोने बटण दाबून पडद्यावरचं पान बदलत.

मग तपासणी सुरू झाली. पहिली पाळी वडनेरच्याच मंदाकिनीबाईंची. बाईंनी मुलींना नुसती मानेने खूण केली. चौथीच्या मुलींनी शाळेचा एकुलता एक संगणक सुरू केला, त्यावर चंद्राच्या कला फिरवून दाखवल्या आणि अमावास्या का होते तेही समजावून सांगितलं.

साहेब कडाडले, "बाई, सगळं पोरींनीच केलं! तुम्ही बोटसुद्धा लावलं नाही. शून्य गुण! हा संगणक उद्या दुसऱ्या शाळेत जाईल."

मुलींचे चेहरे पडले. बाई मात्र हात जोडून म्हणाल्या, "साहेब, सकाळपासून तुम्ही तरी कुठे बोट लावलंत? सगळं तिकोनेभाऊंनी केलं. आम्ही त्यालाच नेतृत्व समजत होतो. ते शून्य असेल, तर माझंही शून्य मान्य."

मागच्या बाकावर कुणाला तरी जोराचा ठसका लागला. साहेबांनी शून्य खोडलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "बरं बरं... पुढे!"

तिकोनेंनी सवयीने बटण दाबलं. पडद्यावर व्याख्यानाचं राहून गेलेलं शेवटचं पान झळकलं: 'धन्यवाद!'