दोऱ्यानं बांधलेला अध्याय

पुष्कळ काळ लोटला त्याला. लहानांनो, थोरांनो, नदीकाठच्या एका गावात एक कासारीण राहत होती. सकाळी बायकांच्या हातात बांगड्या भरायची, दुपारी ओसरीवर पोथी वाचायची. तिची एकुलती एक लेक तापानं गेली. त्यानंतर हात बांगड्या भरत राहिले, पण बाईच्या आत काही उरलं नाही.

"पोथी वाच, मन शांत होईल," जो तो म्हणाला. तिनं पारायणांवर पारायणं केली. तोंडात ओव्या, डोळ्यांपुढं लेकीचं तापलेलं कपाळ. पोथी संपायची, बासनात जायची. शांती कसली येतेय!

शेजारची आंधळी म्हातारी रोज ऐकायला बसायची. एके दिवशी ती फटकन म्हणाली, "काय गं, पोथी वाचतेस की धान्य पाखडतेस? त्यातली राणी मूल घेऊन रानात जाते नि रिकाम्या हातानं महालात येते. मधलं कधी वाचणार?"

गावची रीतच होती तशी. राणीचं मूल मरतं त्या अध्यायाची पानं लाल दोऱ्यानं बांधून ठेवायची आणि पुढं जायचं.

"सोड तो दोरा," म्हातारी म्हणाली.

वाटेनं जाणारा पुजारी थबकला. "बाई, वेड लागलं का? तो अध्याय घरात वाचला की दारात रडं येतं!"

"महाराज, माझ्या दारात यायचं काय राहिलंय?" असं म्हणून तिनं दातांनी दोरा तोडला.

ओव्या थोड्याच निघाल्या. राणी मूल मांडीवर घेऊन बसली, देव आला नाही, एवढंच.

"झालं वाचून," ती म्हणाली.

"कुठं बसलीय राणी?"

"ते लिहिलेलं नाही, आजी."

"मग तू बघ की. माझे डोळे गेलेत, तुझे नाहीत. मीट ते."

कासारणीनं डोळे मिटले. बराच वेळ नुसता अंधार. मग एक वठलेला पळस दिसला. त्याखाली राणी. केसांत पाचोळा, मनगटं उघडी. मुलाचं गार कपाळ ती पुन्हापुन्हा चाचपून बघत होती.

"आजी, ती उठतच नाही."

"उठवू नकोस. शेजारी बस."

ती मिटल्या डोळ्यांनीच राणीशेजारी बसली. लेक परत आली नाही, देवही आला नाही. पण त्या दुपारी कासारीण पहिल्यांदा पोटभर रडली, आणि रडून झाल्यावर तिला भूक लागली.

गावानं मात्र तिच्या ओसरीची वाट टाकली. बायका तिच्या हातून बांगड्या भरेनात. थंडीत म्हातारीही वारली. कासारीण एकटीच वाचायची, एकटीच त्या पळसाखाली जाऊन बसायची.

एका दुपारी एक तरणी बाई तोंडावर पदर ओढून आली. तिचा पाळणा नुकताच रिकामा झाला होता.

"बांगड्या नकोत," ती पुटपुटली. "तो अध्याय वाचाल?"

कासारणीनं सरकून जागा केली.

दुःखाचं पान बांधून ठेवणाऱ्याला पोथी शांती देत नाही. डोळे मिटून त्या पानात जाऊन बसावं लागतं.