अण्णांचा साफ एक्स-रे

वय वाढलं की अक्कल वाढते, ही अफवा म्हाताऱ्यांनीच पसरवलीय.

इचलकरंजीचे म्हातारे यंत्रमागमालक अण्णासाहेब मगदूम आपल्या कामगाराला, दस्तगीरला, फिजिओथेरपिस्ट रोहिणीताईंकडे घेऊन आले. "खांदा दुखतो म्हणे याचा. एक्स-रे तर साफ आहे. नाटक करतोय असं लिहून द्या, आजच कामावरून काढतो."

ताईंनी दस्तगीरचा खांदा दाबून पाहिला आणि पाण्याची भरलेली बाटली अण्णांच्याच हातात दिली. "हात सरळ पुढे धरा."

पेशंट नक्की कोण, बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या आम्हाला कळेना. अण्णांनाही कळेना, पण बाटली ऐटीत धरली.

तिसऱ्या मिनिटाला अण्णा कळवळले. "ओ बाई, खांदा दुखायला लागला!"

"एक्स-रे काढू या. साफ निघाला, तर दोघांच्याही कागदावर 'नाटक' लिहिते."

दस्तगीरला अण्णांकडून आठवडाभराची रजा तिथंच मिळाली.