अपुऱ्या राज्यातलं टोपरं

एका राज्यात काहीही पुरं होत नसे. भिंती उभ्या राहत, पण छप्पर चढत नसे. विहिरी खणल्या जात, आणि पाणी हातभर खाली असताना कुदळ थांबे. भात बोटचेपा होण्याआधीच चुलीवरून उतरे. लग्नाची तर गतच विचारू नका. शेवटच्या मंगलाष्टकाशी भटजींचा घसा अडे, आणि नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना हारांसकट उभी ती उभीच. हसू नका! त्या नवऱ्यांना विचारा, हसू येतं का ते.

असं बारा वर्षं चाललं होतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. राजा धवलकेतूने कालकेय नावाच्या मांत्रिकाकडून सिंहासनावरचं छत विणून घेतलं होतं. दोरा चंदेरी, क्रोशाची सुई हस्तिदंती, आणि बोटं मांत्रिकाची. मग काय विचारता! पण छत झालं की राजा जवळ येऊन न्याहाळी आणि म्हणे, "इथे एक टाका सरळ नाही. उसव." मांत्रिक उसवी आणि पुन्हा विणी. तिसऱ्या खेपेला त्याने छत उसवलं, दोऱ्याची गुंडी केली आणि ती राजाच्या पुढ्यात ठेवली. "महाराज," तो म्हणाला, "आजपासून तुमच्या राज्यात शेवटचा टाका पडणार नाही." एवढं बोलून तो घुबड झाला आणि उडून गेला. गुंडी खजिन्यात ठेवली, आणि तिला कुणी हात लावीना.

राजवाड्यामागच्या आळीत कमळजा नावाची एक बाई थोरल्या बहिणीकडे राहत असे. क्रोशाच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ताटावरचे रुमाल, दारावरची तोरणं, तांब्याला अडकवायच्या जाळ्या, बाहुल्यांचे झगे. घरातल्या घरात बसून ती कशाकशाचं काय काय करी. पण सगळं एका टाक्यावाचून अडलेलं! टोपलीत नुसते दोरे लोंबत असत.

कमळजा स्वभावाने भारी चौकस होती. लोक शापाला शिव्या देत आणि गप्प बसत, ही विचारी, "पण तो नेमका लागतो कसा?" एके दिवशी ती गवंड्याकडे गेली.

"दादा, छप्पर का राहिलं?"

"अगं, एक वासा वाकडा दिसला. मग सगळंच उतरवलं."

ती हलवायाकडे गेली. "काका, पेढे का वळले नाहीत?"

"खवा जरा करपट लागला. दिला ओतून."

"खरंच करपट होता?"

"खरंच म्हणजे? खोटं असतं तर मी ऐकलं असतं होय?"

कमळजा विचार करत घरी आली. म्हणजे ऐन शेवटी प्रत्येकाला एक चूक दिसते, आणि ती खोटी नसते. मोठं नवल आहे, ती मनाशी म्हणाली. अशी ती चौकशा करत म्हातारीही झाली असती, पण तिच्या बहिणीला, हंसाला, अकरावा महिना लागला.

बारा वर्षं शापाचं हातांच्या कामांवर भागत होतं. यंदा त्याने माणसाच्या पोटात हात घातला. हंसाला कळा येत, चढत, आणि ऐनवेळी मागे फिरत. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुईण म्हणाली, "आणखी तीन दिवस फार झाले. त्यापुढे हिच्या अंगात त्राण राहायचं नाही. दोघंही जातील."

आईमागे हंसानेच कमळजाला वाढवलं होतं. ती तशीच उठली आणि राजाच्या दरबारात गेली.

"महाराज, खजिन्यातली गुंडी मला द्यावी."

"ती शापित आहे."

"ठाऊक आहे. म्हणूनच हवी."

राजा थकला होता. बारा वर्षांत त्याचं एकही जेवण शेवटच्या घासापर्यंत गेलं नव्हतं. त्याने हातानेच खूण केली, "ने."

खजिन्यात गुंडीवर एक साळुंकी बसली होती. ती माणसासारखं बोलत असे. आणि बारा वर्षं एकटी होती म्हणून जरा जास्तच बोलत असे.

"आलीस? बस. वाऱ्याला बसू नकोस, खोकला होतो. ऐक आता. हा दोरा तीन वेळा विणू देईल. तिन्हींतली एक वस्तू जरी पुरी झाली, तरी शाप तुटला. तिसऱ्यांदा उसवलीस तर दोऱ्याची राख होईल, आणि शाप कायमचा."

"विणू काय?"

"ते तुझं तू पाहा. मला फक्त घरटं येतं."

कमळजाने गुंडी पदरात घेतली, साळुंकी खांद्यावर बसली, आणि दोघी हंसाच्या खाटेपाशी आल्या.

पहिल्या दिवशी तिने गोल रुमाल विणायला घेतला. पाच साखळ्यांचं कडं, कड्यात बारा खांब, पुढच्या फेरीत चोवीस, त्यापुढच्या फेरीत छत्तीस. खांब म्हणजे उभा टाका. नव्या मुलीलाही दुपारभरात येतो. रुमाल वाढू लागला तशी हंसाला कळ आली. रुमाल काठाला पोचला, आणि सुईण हात धुऊन बसली. सुईवर शेवटची एकच कडी उरली. तेवढ्यात कमळजाच्या कानात कुणीतरी म्हणालं, "तिसऱ्या फेरीत एक खांब कमी आहे. उसव."

तिने मोजले. पस्तीस! तिचा हात आपोआप दोऱ्याला गेला. आता क्रोशाचं असं आहे बरं का, की सगळं काम त्या शेवटच्या कडीवर तोललेलं असतं. कडी सोडून दोरा ओढला की सर्र सर्र सगळं सुटतं. रुमालाचा पुन्हा दोरा झाला, आणि चंदेरी रंग जाऊन तो करडा पडला. हंसाची कळ मागे फिरली.

"मीच मूर्ख!" कमळजा स्वतःवर चिडली. "उद्या असं काही करते की चुकायला जागाच राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने नुसती साखळी घातली, केस बांधायला. शंभर कड्या, दुसरं काही नाही. शेंबडं पोरही करील! शंभरावी कडी सुईवर आली आणि आवाज म्हणाला, "सत्तेचाळिसावी आवळ आहे. उसव."

ती आवळ होतीच. कमळजाने दात-ओठ खाल्ले, पण हात दोऱ्याला गेला तो गेलाच. साखळी सुटली. दोरा राखेच्या रंगाचा झाला. हंसा कण्हली, आणि मग कण्हायचीही थांबली.

कमळजा तिथेच जमिनीवर बसून रडली. रडता रडता मात्र तिच्या डोक्यातलं चौकस चक्र फिरू लागलं, कारण स्वभाव काही रडण्याने जात नाही. तो आवाज तिने कुठेतरी ऐकला होता.

"साळुंके," ती डोळे पुसत म्हणाली, "हा तर महाराजांचा आवाज!"

"ओळखलास एकदाचा. मांत्रिकाने राजाचेच शब्द दोऱ्यात गुंफले. दोरा हातात नसला की ते आपल्याच मनातले वाटतात, पण ते सगळ्यांच्या कानात फिरतात. राजाच्याही."

"आणि बाळाच्या?"

"बाळाच्याही. अजून नीट झाला नाहीस, थांब, असं त्याला सांगतात. बिचारं शहाणं आहे, थांबतं."

कमळजाने राखेच्या रंगाचा दोरा हातात घेतला. "पण विणत असते तेव्हा तर हा बोलत नाही. शेवटीच का बोलतो?"

"शेवटी तुम्ही काय करता?"

"काम पाहतो. पाहणाऱ्याने मान डोलावली की दोरा तोडतो. आमच्या राज्याची रीतच आहे तशी. आधी नजर, मग तोड."

साळुंकी पंख साफ करू लागली. कमळजा कितीतरी वेळ स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळीच तिने बाळासाठी टोपरं विणायला घेतलं. पाच साखळ्यांचं कडं, कड्यात बारा खांब. फेऱ्या वाढवत वाढवत तळहाताएवढी चकती केली. मग वाढवायचं सोडून सरळ फेऱ्या घातल्या, तसं टोपरं वाटीसारखं खोल झालं. कानांवर दोन पाळ्या काढल्या, पाळ्यांना दोन बंद. काठाला मुका खांब, म्हणजे सगळ्यांत बुटका टाका, एकाला लागून एक. फेरीगणिक हंसाची कळ चढत गेली. सुईणीने पाणी तापवलं. सूर्य माथ्यावर आला तेव्हा सुईवर एक कडी उरली होती.

कमळजाने टोपऱ्याकडे पाहिलं नाही. तिने हंसाच्या तोंडाकडे पाहिलं.

"डाव्या पाळीत दोन खांब जास्त आहेत," आवाज म्हणाला. "टोपरं एका अंगाला कललंय."

कमळजाने मान खाली वळवली नाही.

"उसवू नकोस हवं तर. नुसतं पाहा."

काय लबाड आवाज! कमळजाची मान आखडली. तिला मनापासून पाहायचं होतं हो! जन्मभर ज्या बोटांनी एकही चूक राहू दिली नाही, त्या बोटांना कुठेतरी दोन खांब जास्त पडल्याचं ऐकून कसं राहवावं? तिची नजर हळूहळू खाली वळू लागली.

"कमळे," हंसा कशीबशी बोलली, "जातेय गं... परत जातेय कळ."

"नाही जायची, आक्का!" कमळजा ओरडली. तिने दोरा दातांत धरला. "कललं असेल! असू दे!"

आणि दोरा तोडला. तुटलेलं टोक कडीतून ओढून काढलं आणि करकचून आवळलं. आता ते जगातल्या कुठल्याही हाताने उसवलं नसतं.

आवाज 'उस' एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. दोरा पुन्हा चंदेरी झाला. त्याच क्षणी हंसाने मोठी किंकाळी फोडली, आणि तिच्या मागोमाग दुसरं कुणीतरी रडलं. बारीक, चिडक्या आवाजात, अकरा महिन्यांचा राग काढत.

"मुलगी!" सुईण म्हणाली आणि बाळाला पुसायला लागली.

त्या दुपारी राज्यात काय गडबड उडाली म्हणून सांगू! विहिरींना पाणी लागलं. घरांवर छपरं चढली. अंतरपाट एकदम खाली पडले. काही नवऱ्यांचे केस पिकले होते, पण नवऱ्याही तितक्याच थांबल्या होत्या, तेव्हा कुणी तक्रार केली नाही. राजा धवलकेतू पोटभर जेवला आणि अनवाणीच आळीत आला. दाराशी उभा राहून तो म्हणाला, "बाई, बारा वर्षं माझ्याच बोलण्याने माझे कान किटले होते. आज शांत वाटतंय. मांत्रिक जिथे असेल तिथे जाऊन मी त्याची क्षमा मागेन." आणि तो खरोखरच गेला. साळुंकी वाट दाखवायला त्याच्या पुढे उडाली, आणि वाटभर बोलत राहिली.

इकडे कमळजाने बाळाला टोपरं घातलं. ते डावीकडे चांगलंच कललं होतं. एक डोळा झाकला, एक उघडा राहिला. उघड्या डोळ्याने ती चिमुरडी मावशीकडे टक लावून पाहत होती.

"कशी आहे गं?" हंसाने क्षीण आवाजात विचारलं. "तुझी नजर बारीक. तूच सांग."

कमळजाने बाळाला उजेडाकडे नेलं. कपाळापासून टाचेपर्यंत नीट, सावकाश पाहिलं.

"नाक बसकं आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "बसकंच आहे गं, आक्का! आणि मला ते अस्संच हवंय."

दोघी बहिणी हसल्या आणि रडल्या, आणि बाळ त्या गलक्यातच झोपी गेलं. गोष्ट इथवर आली, इथेच थांबली. जसा कमळजाच्या हातून शेवटचा टाका पडला, तसा ऐकणाऱ्यांच्या हातूनही पडो.