मिरी मुंगीचा समुद्रापारचा खजूर

निळ्या पाण्याकाठी, क्रेनच्या पायाशी, राहायची एक मुंगी. नाव तिचं मिरी. मिरीचं बाळ रडत होतं. त्याला हवा होता खजूर, समुद्रापलीकडचा. घरात होता एवढुसा तुकडा. मिरी तो घेऊन बाळाकडे निघाली आणि डुबुक. गेला की पाण्यात. आता काय करायचं, बाई?

मिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. वर बघते तर क्रेन. अबब, केवढी उंच.

"क्रेनताई, क्रेनताई, खजूर दे ना."

"जहाज आलं तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. लांब पाण्यात जहाज. अबब, अख्खा गाव मावेल त्यात.

"जहाजदादा, जहाजदादा,
क्रेन खजूर देईना.
तू ये ना."

भोंऽऽ. "रिकामं परत कोण जाईल? डबा भरला तर येईन."

तुरुतुरु तुरुतुरु. धक्क्यावर लोखंडी डबा. अबब, घराएवढा, आणि पोटात नुसता वारा.

"डबूदादा, डबूदादा,
क्रेन खजूर देईना,
जहाज बंदरात येईना.
तू भर ना."

"ट्रक आला तर भरेन."

तुरुतुरु तुरुतुरु. आंब्याखाली ट्रक. ट्रकात इक्बालचाचा.

"चाचा, चाचा,
क्रेन खजूर देईना,
जहाज बंदरात येईना,
डबा काही भरेना.
तुम्ही निघा ना."

"काकीनं पेटी बांधली तर निघेन, बेटा."

शेजारीच कुंदाकाकी. पुढ्यात पेंढा घातलेली आंब्याची पेटी.

"काकी, काकी,
क्रेन खजूर देईना,
जहाज बंदरात येईना,
डबा काही भरेना,
ट्रक काही निघेना.
तू पेटी बांध ना."

काकीची रीतच होती. एका आंब्याची जागा रिकामी असली, तरी पेटी बांधायची नाही.

"शेंड्यावरचा तो आंबा मिळाला तर बांधेन गं. माझा झेला, ही काठीची जाळी, काही पोचत नाही."

मिरीनं वर पाहिलं. अबब, केवढं झाड. तिला भीती वाटली. पण बाळ रडत होतं ना.

चढली. चुटुचुटु चुटुचुटु. फांदीवर. डहाळीवर. देठावर. देठाला घेतला चावा, कट्. आंबा सुटला. काकीनं खाली झेला धरला होता. टप्.

काकीनं पेटी बांधली.
ट्रक निघाला, घर्रर्र.
डबा भरला, गच्च गच्च.
जहाज आलं, भोंऽऽ.
क्रेन वळली, कुंईऽऽ. आंबे गेले वर, खजूर आले खाली.

एक खजूर पडला, मिरीच्या पुढ्यात. तिनं तो ओढत ओढत घरी नेला. बाळानं चाटला. चट् चट् चट्. रडणं थांबलं, बाळ हसलं.

आणि समुद्रापलीकडे पेटी उघडली. तिथंही एका मुंगीचं बाळ रडत होतं. त्यानं आंबा चाटला, आणि तेही हसलं.