पाडकऱ्याची हकालपट्टी

तेव्हा माणसाच्या आतलेही बोलत असत. दगाजी हमालाच्या मांडीच्या हाडात पुष्कळ गवंडी आणि एक पाडकरी राहत. पाडकरी जुनं, तडकलेलं हाड खरवडून काढी आणि गवंडी तिथं नवं हाड बांधत.

एकदा थोरला गवंडी फुगून म्हणाला, "आम्ही बांधायचं अन् ह्या लेकाच्यानं पोखरायचं! वाळवी आहे वाळवी!"

"दादा, जुनं काढलं नाही, तर नवं बसेल कुठं?" पाडकरी हळूच म्हणाला.

"ऐका, आता वाळवी शिकवणार!" सगळे हसले. त्यांनी त्याला हाकलून दिलं आणि एकमेकांना फेटे बांधले.

मग बांधकामच बांधकाम. तड्यांवर थर चढले. हाडाच्या पोकळीत मगज रक्त तयार करी. ती पोकळीही भरत आली.

"अरे, रक्तापुरती तरी जागा ठेवा," मगज विनवू लागला.

"अख्खं हाड मजबूत होतंय, अन् तुला रक्ताची पडलीय!"

हाड जाडजूड, पांढरंशुभ्र झालं. एका सकाळी दगाजीनं नेहमीची गोणी उचलली आणि ते खडूसारखं मोडलं. दगाजी जमिनीवर कळवळत पडला.

आत थोरल्या गवंड्यानं फेटा झटकला. "तो पाडकरीच जाताना काहीतरी करून गेला असणार!"

सगळ्यांनी माना डोलावल्या.