आधी साहेबांच्या लॅपटॉपवर

लहानपणी बाजारात आई मडक्यावर टिचकी मारायची, तेव्हा टण् असा आवाज यायचा. तो अजून कानात आहे. पारखल्याशिवाय ती मडकं घरी आणत नसे.

मी ज्या संस्थेत चहा करतो, तिथे गावोगावच्या दवाखान्यांसाठी फुकट सॉफ्टवेअर बनतं. एकदा त्यातून औषधाचा डोस चुकीचा छापून येऊ लागला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या मृण्मयीने दवाखान्यांना तोवर हाताने चिठ्ठ्या लिहायला सांगितलं आणि घाईने दुरुस्ती केली. तिथली रीत अशी, की कुठलीही दुरुस्ती आधी आपणहून पुढे आलेल्या चाचणीवाल्यांकडे वापरून बघायला जाते, मग सगळीकडे.

तेवढ्यात संचालक राजोपाध्येसाहेब आले. "दुरुस्तीबरोबर माझा फोटो आणि संदेशही घाल. चाचणी-बिचणी नको, थेट सगळ्यांना सोड."

"साहेब, काही अडलं तर सगळ्या दवाखान्यांतले संगणक एकदम बंद पडतील. पेशंट ताटकळतील."

"मला शिकवतेस? अगं, फोटोने काय होतंय!"

"बरं," मृण्मयी गोड हसली. "मग पहिला मान तुमचा. द्या लॅपटॉप, त्यावरच आधी टाकते."

साहेबांनी लॅपटॉप छातीशी धरला. "वेड लागलंय का? संध्याकाळचं भाषण आहे यात! बंद पडला म्हणजे?"

"अहो साहेब, फोटोने काय होतंय!"

मी हळूच चहा पुढे केला. मृण्मयीने फोटो वगळून नुसती दुरुस्ती चाचणीला धाडली. साहेबांनी ते पाहिलं, लॅपटॉप काखेत मारला आणि चहा तसाच ठेवून निघून गेले.